‘मूळ’ रकान्याचं काय करायचं?

दरवर्षी नाताळच्या सुट्टीत आपलं मंडळ लोकसाहित्य गोळा करण्याचा उपक्रम घेतं. आपण गावी जातो, आजी, मावशी, शेजारच्या काकू यांच्याकडून ओव्या, उखाणे, लग्नातली गाणी, सणावाराच्या रीती उतरवून आणतो आणि मंडळाने दिलेला तक्ता भरून देतो. या तक्त्यात नाव आणि गावाच्या खाली पहिलाच रकाना आहे तो ‘प्रथेचे मूळ’. त्यापुढे चार चौकटी : हिंदू, ख्रिस्ती, आदिवासी, इतर. कुठल्या तरी एकीत खूण करायची. यंदा तक्ता नव्याने तयार होणार आहे, सूचना असतील तर द्या, असं मंडळाने कळवलंय. तर माझी सूचना अशी : हा रकाना पहिल्या जागेवरून उठवून शेवटी न्यावा, चार चौकटी काढून टाकाव्यात आणि पहिल्या जागी वेगळा प्रश्न घ्यावा. हे तुम्ही कधी करता, कुणाबरोबर करता, आणि केलं नाही तर काय चुकल्यासारखं वाटतं?

एका रकान्यासाठी एवढा लेख कशाला, असं कुणीही म्हणेल. पण रकाना छापला की उत्तर अर्धं ठरून जातं. समोरची आजी काहीही सांगो, आपण तिच्या बोलण्यातून चौकटीत बसेल तेवढंच उचलतो. शिवाय ‘हे मूळचं कुठलं?’ हा प्रश्न आपल्या इतका अंगवळणी पडलाय की तो शास्त्र म्हणून कधीतरी, कुणीतरी विचारायला सुरुवात केली, हे लक्षातच येत नाही. त्या सुरुवातीला साधारण दीडशे वर्षं झाली.

माझी त्याच्याशी गाठ पडली ती इंग्रजीच्या पेपरात. एलियटची ‘द वेस्ट लँड’ (१९२२) आम्हाला अभ्यासाला आहे. कवितेला कवीने स्वतःच टिपा जोडल्या आहेत आणि त्यात तो जेम्स फ्रेझरच्या ‘द गोल्डन बाऊ’ या ग्रंथाचं ऋण मान्य करतो. टीप समजावी म्हणून फ्रेझर उघडला, फ्रेझरवरून मागे टायलरकडे गेले, आणि परीक्षेला न येणारं बरंच काही वाचून झालं. त्यातलं जे आपल्या तक्त्याशी थेट संबंधित आहे तेवढंच इथे लिहिते.

एडवर्ड बर्नेट टायलर १८३२ साली लंडनमध्ये एका क्वेकर कुटुंबात जन्मला. घरचा पितळेच्या ओतकामाचा कारखाना होता. त्या काळी अँग्लिकन चर्चच्या बाहेरच्या मुलांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची वाट मोकळी नव्हती, त्यामुळे हा मुलगा विद्यापीठात गेलाच नाही. तब्येत बिघडली म्हणून तरुणपणी अमेरिकेच्या बाजूला हवापालटाला गेला. तिथे १८५६ मध्ये हवाना शहरात हेन्री क्रिस्टी नावाचा एक संग्राहक भेटला आणि दोघे मेक्सिको फिरून आले. १८७१ साली टायलरचा ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ हा दोन खंडांचा ग्रंथ निघाला आणि १८९६ मध्ये हाच पदवी नसलेला माणूस ऑक्सफर्डचा मानवशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला.

त्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्याने संस्कृतीची व्याख्या केली. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणूस जे जे आत्मसात करतो ते सगळं मिळून संस्कृती, असा तिचा आशय. आज हे वाचून ‘त्यात काय मोठंसं’ असं वाटेल. पण ‘आत्मसात करतो’ या शब्दांवर थांबून बघा. संस्कृती शिकावी लागते, ती रक्तातून येत नाही. टायलर हे लिहीत होता त्याच्या थोडंच आधी, १८६३ मध्ये, लंडनमध्ये एक मानवशास्त्रीय संस्था स्थापन झाली होती आणि तिचा अध्यक्ष जेम्स हंट हा वेगवेगळ्या वंशांची माणसं मुळातच वेगळ्या जातीची प्राणिमात्रं आहेत, असं उघड मांडत होता. टायलरने याच्या उलट बाजू घेतली. जगभरच्या माणसांचं मन एकाच घडणीचं आहे, असं त्याचं म्हणणं. ज्यांना तेव्हा ‘रानटी’ म्हटलं जायचं तेही विचारच करतात, आपल्यासारखाच करतात, फक्त त्यांच्या हाताशी माहिती कमी आहे, असं तो सांगत होता.

धर्माची सुरुवात त्याने अशाच विचार करणाऱ्या माणसापासून लावली. झोपेत मेलेला बाप भेटतो, बोलतो. सकाळी उठून बघावं तर तो नाही. काल चालता-बोलता माणूस आज निपचित पडलाय, म्हणजे त्याच्यातून काहीतरी निघून गेलं. या दोन अनुभवांवरून माणसाने आत्म्याची कल्पना केली, मग ती प्राण्यांना, झाडांना, नद्यांना लावली, असा टायलरचा तर्क. याला त्याने ‘अ‍ॅनिमिझम’ हे नाव दिलं. मराठीत आपण जीववाद म्हणतो.

इथपर्यंत टायलर मला आवडतो. खटकतो तो यापुढे.

सगळ्यांचं मन सारखं, तर मग समाज वेगवेगळे का? टायलरचं उत्तर शिडीचं आहे. सगळे एकाच शिडीने चढताहेत, काही खालच्या पायरीवर आहेत, काही वर. रानटी, अर्धरानटी, सुसंस्कृत. अमेरिकेत लुइस हेन्री मॉर्गनने १८७७ मध्ये याच पायऱ्यांचे आणखी बारीक भाग पाडले. आणि वरच्या पायरीवरच्या समाजात खालच्या पायरीची एखादी गोष्ट दिसली तर? तिला टायलरने शब्द काढला : ‘सर्व्हायव्हल’. म्हणजे अवशेष. मूळ अर्थ गेला, सवय तेवढी उरली. शिंक आल्यावर आशीर्वाद देण्याची चाल घ्या. आपल्याकडे लहान मूल शिंकलं की ‘शतंजीव’ म्हणतात, इंग्रज देवाचं नाव घेतात. टायलरने जगभरचे असे दाखले जमवले आणि सांगितलं, शिंकेबरोबर आत्मा किंवा भूत आत-बाहेर होतं या जुन्या समजुतीचा हा अवशेष. मुलांचे धनुष्यबाणाचे खेळ, सोंगट्या-फासे, कोडी, हे सगळं त्याला असंच मागे राहिलेलं सामान वाटलं.

आणि या सामानात आमची जपमाळही आहे. प्रार्थना हळूहळू यांत्रिक कशी होत जाते हे सांगताना टायलर माळेचा दाखला देतो. ही आशियातली, विशेषतः बौद्धांकडे वाढलेली, जप मोजायची युक्ती, तिथून मुसलमानांकडे आणि ख्रिस्ती लोकांकडे आली, असं त्याचं म्हणणं. बौद्ध माळेचे १०८ मणीही त्याने नोंदवलेत. माळेचा प्रवास त्याने सांगितला तसा झालाही असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण प्रवास सांगून झाला की त्याच्या लेखी माळेचा विषय संपतो. आमच्या घरी संध्याकाळी तेर्स होतो तेव्हा पाचजण एका लयीत तेच ते शब्द म्हणत असतात. दिवसभर एकमेकांशी न बोललेली दोन माणसंही त्यात असतात, आणि माळ संपेपर्यंत त्यांचा आवाज एकात एक मिसळलेला असतो. हे टायलरच्या दोन खंडांत कुठेच येत नाही. येणारही नव्हतं. ज्या परंपरेत तो वाढला तिच्यात पाद्री नाहीत, मेणबत्त्या नाहीत, ठरलेले मंत्र नाहीत. लोक शांत बसतात आणि ज्याला आतून वाटेल तो बोलतो. मेक्सिकोच्या प्रवासावर त्याने १८६१ मध्ये लिहिलेल्या पुस्तकातही तिथल्या कॅथलिक धर्माबद्दलची नावड लपत नाही. म्हणजे शिडी मांडणाऱ्याने सगळ्यांत वरची पायरी आपल्याच घराच्या उंबऱ्याशी ठेवली होती.

जेम्स फ्रेझरने ही शिडी आणखी लोकप्रिय केली. ‘द गोल्डन बाऊ’ १८९० मध्ये दोन खंडांत आला, १९०० मध्ये तीन झाले आणि १९०६ ते १९१५ या काळात त्याचे बारा झाले. माणूस आधी जादूवर विश्वास ठेवतो, ती फसली की देवाकडे वळतो, आणि शेवटी विज्ञानाकडे येतो, हा त्याचा सिद्धांत. मरून पुन्हा उठणाऱ्या देवांच्या कथा त्याने इतक्या ओघवत्या इंग्रजीत मांडल्या की एलियटसारख्या कवींना त्यातून खजिना मिळाला. दुसऱ्या आवृत्तीत त्याने ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या मरणाचाही अर्थ अशाच एका जुन्या बळीच्या चालीतून लावून पाहिला. तिसऱ्या आवृत्तीत मात्र तो भाग उचलून परिशिष्टात टाकला.

फ्रेझर ज्यांच्याविषयी लिहीत होता त्या लोकांत जाऊन तो राहिला नाही. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात बसून त्याने ग्रंथ वाचले आणि पत्रं लिहिली. १८८७ मध्ये त्याने एक प्रश्नावली छापली आणि ती दूरदूरच्या मिशनऱ्यांना, सरकारी अधिकाऱ्यांना पाठवली. तुमच्याकडच्या लोकांच्या जन्माच्या, मरणाच्या, पेरणीच्या चाली काय, असे प्रश्न. उत्तरं आली की ती आपापल्या प्रकरणात जाऊन बसायची. कोण म्हणालं, कुणाला म्हणालं, म्हणताना हसत होतं की रडत होतं, हे टपालात गळून जायचं. आपल्या तक्त्याकडे बघताना मला फ्रेझरची ती प्रश्नावली आठवते. फरक इतकाच की त्याला गावी जाता येत नव्हतं, आपण तर गावातच बसून तो भरतो.

असं बसल्या जागेवरून मूळ शोधणं पुरेसं नाही, हे त्याच शास्त्रातल्या लोकांनी पुढे दाखवलं. पहिला माणूस तर फ्रेझरचा मित्रच होता. रॉबर्टसन स्मिथ हा स्कॉटलंडचा धर्मपंडित, हिब्रूचा प्राध्यापक. बायबलवर ऐतिहासिक पद्धतीने लिहिल्याबद्दल त्याच्यावर पाखंडाचा आरोप झाला आणि १८८१ मध्ये त्याची अ‍ॅबर्डीनची प्राध्यापकी गेली. त्याने १८८९ मध्ये मांडलं की जुन्या धर्मांत आधी आचार असतो, त्याचा अर्थ नंतर लावला जातो आणि तो माणसागणिक बदलू शकतो. म्हणून लोक काय मानतात याच्या आधी ते एकत्र येऊन काय करतात ते बघा. फ्रान्समध्ये एमिल दुर्खीमने १९१२ मध्ये हेच सूत्र आणखी पुढे नेलं : धर्मात समाज स्वतःला एकत्र बांधत असतो.

दुसरा मॅलिनोव्स्की. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ ते १९१८ दरम्यान, तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून राहिला, तिथली भाषा शिकला. त्याला दिसलं की खाडीच्या संथ पाण्यात मासे धरायला जाताना तिथले लोक मंत्र-तंत्र करत नाहीत. तिथे धोका नाही, कौशल्य पुरतं. पण उघड्या समुद्रात, जिथे होडी परत येईल की नाही याचीच खात्री नसते, तिथे जाताना मात्र सगळे विधी काटेकोर होतात. तीच माणसं, तोच दिवस. फ्रेझरच्या हिशेबाने ती ‘जादूच्या पायरीवर’ उभी होती. पण किती ज्ञान आपल्या हातात आहे आणि कुठून पुढे नाही, हे त्यांना नेमकं कळत होतं. डोलीवरचे कोळी असोत की नव्या गाडीला लिंबू बांधणारा ड्रायव्हर, आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये.

तिसरा इव्हान्स-प्रिचर्ड. सुदानातल्या आझांदे लोकांवरचं त्याचं पुस्तक १९३७ चं. तिथे धान्याची कोठारं लाकडी खांबांवर उभी असतात. लोक दुपारी सावलीला त्यांच्याखाली बसतात. एखादं कोठार कोसळून खालचा माणूस जखमी झाला तर आझांदे म्हणतात, चेटूक. त्यांना वाळवी ठाऊक नसते का? ठाऊक असते. खांब वाळवीने खाल्ला म्हणून कोठार पडलं, हे तेच सांगतात. त्यांचा प्रश्न पुढचा असतो : नेमकं हाच माणूस खाली बसलेला असताना, याच क्षणी का पडलं? या प्रश्नाला विज्ञानाकडे उत्तर नाही. अपघातात घरातलं कुणी गेलेल्या माणसाला विचारा, तो शवविच्छेदनाचा अहवाल वाचूनही हाच प्रश्न विचारत असतो. इव्हान्स-प्रिचर्ड अँग्लिकन पाद्रीचा मुलगा, १९४४ मध्ये तो कॅथलिक झाला. टायलर-फ्रेझरबद्दल त्याची मुख्य तक्रार अशी की त्यांनी स्वतःला त्या माणसाच्या जागी कल्पून, ‘मी असतो तर असा विचार केला असता’ असं ठरवलं आणि तेच त्या माणसाच्या नावावर मांडलं.

आता कुणाला वाटेल, टायलर इंग्लंडात गेला, शिडी पुस्तकात राहिली, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तोही रकान्याचाच. ब्रिटिशांच्या १९०१ च्या जनगणनेत आदिवासींच्या धर्मासाठी ‘अ‍ॅनिमिस्ट’ असा वर्ग होता. टायलरने ग्रंथात काढलेला शब्द तीस वर्षांत आपल्या देशातल्या लाखो माणसांच्या नावापुढे लिहिला गेला. ज्यांच्यापुढे लिहिला गेला त्यांच्या कुठल्याच भाषेत तो नव्हता. पुढे वाद पेटला तोही मुळाचाच. मालवणात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झालेले गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या पुस्तकात मांडलं की हे लोक म्हणजे मागासलेले हिंदूच. समोर व्हेरियर एल्विन. ते १९२७ मध्ये मिशनरी म्हणून पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले, पुढे चर्च सोडून गोंड-बैगांच्या मुलखात जाऊन राहिले आणि त्यांचं वेगळेपण जपावं म्हणून भांडले. दोघेही मोठे अभ्यासक. पण त्यांच्या नावाने चाललेल्या वादात बैगा काय म्हणतात हे शेवटी मागेच राहिलं आणि ‘मूळचे कोण’ एवढंच पुढे राहिलं. तो प्रश्न आजही निवडणुकीच्या भाषणांतून ऐकू येतो.

इथे आमच्या बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. फ्रेझरला उत्तर म्हणून कॅथलिक अभ्यासकांनीही मूळ शोधायलाच घेतलं. दिव्य वचन संघाचे फादर विल्हेल्म श्मिट यांनी १९०६ मध्ये ‘अँथ्रोपोस’ हे नियतकालिक सुरू केलं आणि देवाच्या कल्पनेच्या उगमावर बारा खंड लिहिले. त्यांचं म्हणणं टायलरच्या बरोबर उलटं. सुरुवातीला एकच देव होता, पुढे माणसं भरकटली. शिडी तीच, फक्त उलटी धरलेली. मिशनऱ्यांकडून त्यांनी मिळवलेली माहिती फार मोलाची आहे, पण पहिला माणूस कुणाची पूजा करायचा हे ठरवून आज त्यावर हक्क सांगता येतो, ही समजूत दोन्हीकडे सारखीच. त्याच संघाचे फादर स्टीफन फुक्स निमाडातल्या बलाही लोकांमध्ये काम करत राहिले आणि १९५० मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्या कामाचं वजन मला बारा खंडांपेक्षा वेगळं वाटतं, कारण ते एका ठिकाणी राहून झालंय.

मला हे सगळं एवढं का लागतं, तेही सांगते. गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेनंतर एक परीक्षक कौतुकाने म्हणाले, “तुझं मराठी इतकं छान कसं? शेवटी मूळ आपलंच ना!” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या एका वाक्यात माझी चारशे वर्षं अवशेष झाली. जे चांगलं ते मुळाचं, बाकी वरून चिकटलेलं. त्याच वर्षी एका युवा शिबिरात दुसरी बाजू ऐकली. तिथे एक वक्ते म्हणाले की आपल्या गावांकडे नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात ती मूर्तिपूजकांची उरलेली चाल आहे, खऱ्या श्रद्धेला तिची गरज नाही. ही दोन माणसं एका व्यासपीठावर बसली तर एकमेकांशी कडाडून भांडतील. पण दोघांच्याही हातात टायलरची शिडी आहे.

त्या लोंब्यांचंच बघू. आमचं गाव खानापूर तालुक्यात, आजीचं माहेर गोव्यातलं. भात पोसवलं की पहिल्या लोंब्या कापून ती चर्चमध्ये आशीर्वादाला नेते, मग घरच्या अल्तारावर ठेवते, थोड्या आजोबांच्या फोटोला लावते. शेजारच्या घरांतूनही नव्याची पूजा होते आणि दारावर लोंब्यांचं तोरण लागतं. आता शेत आम्ही स्वतः करत नाही, वाट्याने दिलंय. वाटेकरी मराठा. लोंब्या कापून आजीच्या हातात आणून देतो तोच. देताना दोन पेंड्या देतो : एक आमची, एक त्याच्या घरची. आजी दोन्ही फादरांसमोर धरते. येताना त्याची पेंडी त्याच्या दारात देऊन येते आणि ती त्याच्या तोरणात जाते. वर्षभर खताच्या पैशांवरून, पाण्यावरून, वाट्यावरून कुरबुरी चालतात. एका वर्षी तर बोलणंच बंद होतं. तरी लोंब्या आल्या, दोन पेंड्याच आल्या, आणि त्या दिवसानंतर बोलणं सुरू झालं.

सांगा, चारपैकी कुठल्या चौकटीत खूण करू? एकीत केली तर वाटेकरी गळतो. दुसरीत केली तर आजी गळते. ‘इतर’मध्ये केली तर दोघंही. आणि मी विचारलं, आजी, हे मूळचं कुणाचं गं, तर ती म्हणेल, “भाताचं.” तिला प्रश्न कळला नाही असं तुम्हाला वाटेल. मला वाटतं, तिने त्याला साजेसं उत्तर दिलं.

यावर एक आक्षेप येणार आणि तो योग्य आहे. मुळाचा शोध घ्यायचाच नाही का? इतिहास सोडून द्यायचा का? मुळीच नाही. गोव्यात जन्मलेल्या दा. ध. कोसंबींनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) मध्ये हेच केलं. पुण्याच्या आसपासची देवींची ठाणी, चव्हाटे, टेकड्या त्यांनी पायी तुडवल्या, दगडाची बारीक हत्यारं वेचली, आणि आजच्या रीतींतून फार जुन्या जगण्याचा माग काढला. पण ते आधी तिथे गेले, कोण येतं, काय वाहतं, कुठल्या दिवशी, हे बघितलं आणि मग मुळाकडे वळले. इरावती कर्वे यांची गोष्ट तर प्रत्येकाने वाचावी अशी आहे. १९२०च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला ऑयगेन फिशरकडे शिकायला गेल्या. हा फिशर वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कर्ता. त्याच्याच संस्थेत बसून इरावतीबाईंनी मानवी कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिलं की कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. उत्तर आधी ठरवून प्रश्न विचारला नाही की असं धैर्य येतं. मुळाचा प्रश्न विचारावा तर असा.

आणि मूळ शोधून झाल्यावरही एक गोष्ट उरतेच. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज, येशूसंघाचे. १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूर इथे त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. ओवी मूळची कुणाची? संतांची म्हणाल, तर त्याआधी ती जात्यावर होती. कथा मूळची कुठली? पॅलेस्टाइनची. कवी कुठला? इंग्लंडचा. छापखाना? पोर्तुगिजांनी आणलेला. इतकी सगळी मुळं सांगून झाली तरी ते पुस्तक चारशे वर्षं मराठीच राहिलंय, कारण ज्यांनी ते वाचलं, ऐकलं त्यांनी ते आपलं म्हणून वापरलं. टायलरची व्याख्या मला इथे त्याच्या शिडीपेक्षा जास्त खरी वाटते. माणूस जे आत्मसात करतो ती त्याची संस्कृती. आत्मसात केलेल्याला कुणी ‘उरलेलं’ म्हणू शकत नाही.

म्हणून मंडळाला तीन गोष्टी सुचवते. पहिली, तक्त्याची सुरुवात करण्यापासून व्हावी : कधी, कुठे, कोण कोण, कुणाच्या हातून. दुसरी, सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहायला किमान अर्धं पान कोरं सोडावं. आपल्या भाषेत सुधारून लिहू नये, कोकणी, कानडी शब्द आले तर येऊ द्यावेत. तिसरी, ‘मूळ’ हा रकाना शेवटी राहू द्या, पण चौकटींशिवाय, आणि त्यात दोन उत्तरांना जागा असू द्या : सांगणाऱ्याला काय वाटतं, आणि लिहिणाऱ्याला काय वाटतं. ही दोन उत्तरं जिथे जुळणार नाहीत, तो तक्ता आपल्या वार्षिक अंकासाठी आधी काढून ठेवावा. खरं संशोधन बहुतेक तिथूनच सुरू होईल.

डिसेंबरच्या आत तक्ता छापायला जातो. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनी पुढच्या अंकात जरूर लिहावं. ज्यांना पटतंय त्यांनी या सुट्टीत घरच्या एका माणसाला एक रीत विचारून बघावी, आणि ती सांगून होईपर्यंत ‘हे मूळचं कुठलं’ हे तोंडातून येऊ देऊ नये. वाटतं तितकं ते सोपं नाही.